गेलेल्या पाखराचं चित्र: तैलरंग, जलरंग की नुसती प्रिंट?

घरातलं पाखरू गेलं की पंधरा-वीस दिवसांनी फोन येतो. "फोटो आहेत, त्यावरून ऑइल पेंटिंग करून मिळेल का?" ऑइलच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ते टिकतं आणि भारदस्त दिसतं. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. मी तैलरंगात काम करते आणि जलरंगातही. माझ्या स्वतःच्या कॉकाटिएलचं (तुरेवाल्या छोट्या पोपटाचं), चिकूचं, चित्र काढताना दोन्हींत हात पोळून घेतले आहेत. म्हणून पैसे देण्याआधी थोडं बोलू.

आधी आकाराचं. आपल्याकडे ज्याला सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुतेक वेळा बजरिगर हा छोटा पोपट असतो, शेपटीसकट जेमतेम 18 सेंटीमीटर. कॉकाटिएल 30 ते 33 सेंटीमीटरचा. सोफ्याच्या मागची भिंत भरायला म्हणून दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास सांगितला तर त्यावरचा बजरिगर घारीएवढा होतो आणि घरातल्या माणसांनाच ओळखू येत नाही. डच चित्रकार कारेल फाब्रिटियसनं 1654 मध्ये साखळीनं बांधलेला एक पाळीव गोल्डफिंच तैलरंगात रंगवला. फळी 33.5 बाय 22.8 सेंटीमीटरची, पक्षी जवळपास खऱ्या मापाचा. हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयात ते चित्र बघायला लोक रांग लावतात. तेव्हा लहान चित्र म्हणजे कमी प्रेम, असं काही नाही. खऱ्या मापाच्या जवळ राहा, माध्यम कुठलंही घ्या.

आता चिकू. अंगानं राखाडी, तोंड पिवळं, गालावर नारिंगी टिकली, डोक्यावर तुरा. त्याची पहिली आवृत्ती मी तैलरंगात केली आणि एकेक पीस मोजून काढलं. चार दिवसांनी लांब उभं राहून पाहिलं तर पेंढा भरलेला पक्षी. कॉकाटिएलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. काळा शर्ट घालून त्याला खांद्यावर घेतलेल्या कुणालाही हे सांगायला नको. त्या भुकटीमुळे राखाडी रंगावर धुकट मऊपणा असतो आणि पिसांच्या कडा दिसतच नाहीत. मी पॅलेट नाइफनं सगळं अंग खरवडून काढलं, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी यांत पांढरा मिसळून नवा राखाडी केला आणि तो ओला असतानाच कोरड्या ब्रशनं कडा पुसत गेले. मग चिकू दिसायला लागला. ही खरवडायची मुभा तैलरंगात आहे. रंग काही दिवस हलत राहतो, चुकलं तर मागे जाता येतं. शोकात असलेल्या माणसासाठी चित्र करताना हे फार कामाला येतं, कारण पहिल्या भेटीत "छान आहे" म्हणणारी मंडळी आठवड्यानं फोन करतात: "तो मान थोडी डावीकडे कलती ठेवायचा."

जलरंगात ही सोय नाही. कागदावर एकदा गडद राखाडी बसला की बसला. पण जलरंग हलका पडतो, हा समज सोडा. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. निम्मे लोक ते तैलचित्र समजून बघतात. आहे जलरंग. आणि पक्ष्यांच्या बाबतीत तर आपल्याकडची परंपरा कागदाचीच. 1612 मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या मुकर्रब खानानं गोव्याहून आणलेल्या अजब प्राण्यांत एक टर्की होता. जहांगीरनं त्याची चित्रं काढायला सांगितली, आणि त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर यानं कागदावर, पाण्यात कालवलेल्या रंगांनी काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षं टिकलाय.

हिरव्या बजरिगरची गंमत वेगळी आहे. त्याच्या पिसांत हिरवा रंग नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून निळा प्रकाश परततो आणि वर पिवळं रंगद्रव्य असतं, दोन्ही मिळून हिरवं. निळ्या बजरिगरमध्ये पिवळं द्रव्य नाही, बाकी सगळं तेच. त्याचं गळालेलं निळं पीस खिडकीच्या उजेडासमोर धरलं तर निळा जातो आणि मळकट तपकिरी उरतो. म्हणून ट्यूबमधल्या तयार हिरव्यानं रंगवलेला बजरिगर प्लास्टिकचा वाटतो. खाली निळा आणि वर पारदर्शक पिवळ्याचा पातळ थर दिला की पीस जिवंत होतं. हे दोन्ही माध्यमांत जमतं. फरक वेळेचा: जलरंगाचा थर दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, तैलरंगाच्या प्रत्येक थरासाठी काही दिवस थांबावं लागतं. बजरिगर असेल तर माझा कौल जलरंगाला. कॉकाटिएल किंवा आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट असेल तर तैलरंगाला. धुकट राखाडी ही तैलरंगाची मिरास आहे.

वेळेचं इथेच सांगून टाकते. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हाताला कोरडं लागायला आठवडाभर, पावसाळ्यात त्याहून जास्त. शेवटचं व्हार्निश तर सहा महिने ते वर्षानं. गणपतीत सांगून दिवाळीला चित्र भिंतीवर हवं असेल तर ते व्हार्निशशिवाय मिळेल आणि नंतर एकदा परत द्यावं लागेल. एका घरानं व्हार्निश पाखराच्या वर्षदिनालाच करून घेतलं. तो हिशोब मला पटला.

घरात दुसरं पाखरू असेल तर मात्र थांबा. पक्ष्यांच्या श्वसनाची रचना अशी असते की हवेतलं विष त्यांना आपल्या आधी बाधतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत ते याचसाठी. रंग पातळ करायला टर्पेंटाइन वापरून घरीच चित्र काढायचा बेत असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत, दार बंद, खिडक्या उघड्या. त्याहून बरं म्हणजे टर्पेंटाइनच नको. नुसत्या तेलात रंगवा आणि ब्रशही तेलानंच पुसा. चित्र बाहेरून करून घेतलं तरी पुरतं वाळेपर्यंत ते पाखराच्या खोलीत लावू नका. जलरंगाला ही भानगड नाही, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणावरून निर्णय फिरवायला हरकत नाही.

टिकण्याचं उत्तर तुमच्या भिंतीत आहे. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, त्यामुळे तैलचित्राला उजेडाची खोली हवी, थेट ऊन नको. कॉकाटिएलचा पांढरा पट्टा किंवा पिवळं तोंड स्वच्छ राहावं म्हणून काही जण त्या भागापुरता करडईच्या तेलात घोटलेला रंग घेतात. हे चित्रकलेच्या दुकानातलं तेल, स्वयंपाकघरातलं नव्हे! ते कमी पिवळं पडतं, पण वाळायला आणखी वेळ घेतं. जलरंगाचं उलट. त्याला सावलीतली भिंत, पुढे काच, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट. दोघांचा सामाईक शत्रू म्हणजे ओल. जुलैत ज्या भिंतीला पोपडे धरतात तिच्यावर काहीही लावलं तरी बुरशी येणार. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते. दहा रुपयांचं काम आहे, पण फ्रेमवाला आपणहून करत नाही.

ॲक्रिलिकची शिफारस मी पाखरांसाठी करत नाही. ते फार पटकन वाळतं, मऊ कडा साधत नाहीत.

राहिली कॅनव्हासवरची प्रिंट. तिला नाक मुरडू नका. एखादा फोटो असा असतो की त्यात सगळंच आलेलं असतं, आणि मग चित्रकारानं त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. चांगली प्रिंट काढा, उरलेल्या पैशांत फ्रेम करा. फसवणूक वेगळीच असते: प्रिंटवर पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारून ती 'हँडपेंटेड ऑइल' म्हणून विकली जाते. भिंगातून बघा. रंगाऐवजी बारीक ठिपके दिसले आणि जेलचे फटकारे पिसांच्या दिशेनं न जाता भलतीकडे गेले असतील तर ती प्रिंट आहे.

फोटोच धड नसतील तर उलट हातानं काढलेलं चित्रच उपयोगी. मोबाइल अगदी चोचीजवळ नेऊन काढलेल्या फोटोत डोकं भोपळ्याएवढं आणि शेपटी गायब होते. रात्रीच्या दिव्यात राखाडी पिवळट दिसतो. अशा फोटोंची प्रिंट काढली तर चुका मोठ्या होऊन भिंतीवर येतात. चित्रकार चार फोटो, एखादा व्हिडिओ आणि पिंजऱ्याच्या तळाशी सापडलेलं एक पीस यांतून बेरीज करू शकतो. ते पीस पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा. रंग जुळवायला त्याच्याइतका भरवशाचा नमुना नाही.

आणि ॲडव्हान्स देण्याआधी चित्रकाराला पेन्सिलनं फक्त पंजा काढून दाखवायला सांगा. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांची दोन बोटं पुढे असतात, दोन मागे. तीन पुढे काढली, तर तो तुमच्या पाखराच्या नावाखाली चिमणी काढतोय.