कांडी कोणती भरायची: कालवडीची की साधी?

होल्स्टीन संकरित गायीला गोऱ्हा झाला की गोठ्यात कुणी खूश होत नाही. त्याला वशिंड नाही, उन्हात राबणं झेपत नाही, आणि 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. मग ‘हमखास कालवड’ म्हणून मिळणारी लिंगनिर्धारित रेताची कांडी (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) सगळ्यांनाच हवी असते. माझ्या मते ती सरसकट भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

साध्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात, नर-मादी निम्मे निम्मे. कालवडीच्या कांडीत यंत्राने वेगळे काढलेले बहुधा 20 ते 40 लाखच. वेगळं काढताना ते थकतात आणि गायीच्या पोटात कमी वेळ तग धरतात. कालवड होण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास, पण गाभण राहण्याचं प्रमाण कमी.

समजा, साध्या रेताने 10 पैकी 4 गायी गाभण राहिल्या, तर कालवडी 2. कालवडीच्या कांडीने 3 राहिल्या, तर बहुतेक तिन्ही कालवडी. फायदा आहेच. पण उलटलेल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या गायी 6 ऐवजी 7, आणि उलटलेली प्रत्येक गाय किमान 21 दिवस मागे पडते. दोन गायींवर घर चालवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

महाग कांडी द्यायची ती अंगाने भरलेल्या कालवडीला, पहिल्या-दुसऱ्या माजाच्या रेतनाला. मादी वासरू सहसा हलकं असतं, त्यामुळे पहिलारू गाय विताना अडण्याची भीतीही कमी. व्यायलेल्या गायीत विऊन दोन महिने झालेली, सोट (माजावर असताना गळणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असलेली निवडा. वार (विल्यावर पडणारी झार) अडकलेली, वारंवार उलटणारी किंवा मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा माज) करणारी असेल, तर आधी उपचार आणि मग साधी कांडी.

साध्या रेताला सकाळी माज, संध्याकाळी रेतन हा नियम पुरतो. कालवडीच्या कांडीला आणखी थोडा उशीर मानवतो. म्हणजे माज केव्हा सुरू झाला हे नेमकं माहीत हवं. पहाटे धारेआधी गोठ्यात चक्कर मारत नसाल तर या कांडीच्या नादी लागू नका. आणि डॉक्टर ती 37 अंशांच्या पाण्यात वितळवतात की तळहातावर चोळतात, तेही बघा.

गावचा वळू? फुकट मिळाला तरी नको. गर्भपात घडवणारे ब्रुसेलोसिससारखे रोग त्याच्यामार्फत गोठ्यागोठ्यांतून फिरतात.

कुठलीही कांडी घेताना वळूचा क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच्या आईचं दूध विचारा. यंत्र फक्त नर-मादी वेगळे करतं; सुमार वळूची कालवडही दुधाला सुमारच निघण्याची शक्यता जास्त.