भाड्यासाठी वन बीएचके: मुलुंड पूर्वेची जुनी सोसायटी की भांडुपचा टॉवर?

हा प्रश्न मला हल्ली लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणाऱ्याचं राहतं घर झालेलं असतं, कर्ज बरंचसं फिटलेलं असतं, आणि पूर्व उपनगरात एखादा वन बीएचके घेऊन भाड्याने लावण्याइतके पैसे हाताशी असतात. माझा असा फ्लॅट मुलुंड पूर्वेला आहे: चार मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. त्याच सुमारास आमच्या साडूंनी भांडुपला टॉवरमध्ये घेतला. ते बंगळुरूला असतात, त्यामुळे त्यांच्या घराची चावी, ब्रोकर, प्लंबर आणि भाडेकरूचे फोन हे सगळं माझ्याकडेच येतं. थोडक्यात दोन्ही घरांचा हिशेब माझ्याच वहीत आहे. अर्थात पैसे घालताना मी जुनं निवडलं, तेव्हा पुढे माझं पारडं कुठे झुकलं तर समजून घ्या.

आकड्यांचं लवकर उरकतो. एक कोटीच्या घराला महिना 25 हजार भाडं आलं तर वर्षाचे 3 लाख, म्हणजे 3 टक्के. हेही मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम आणि दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना वजा करण्याआधीचं. नवं घ्या की जुनं, एवढ्यावर कोणी श्रीमंत होत नाही. खरा फरक भाड्यातून मधल्या मध्ये काय काय निघून जातं त्यात आहे. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे सारखीच, 5 टक्के आणि वर 1 टक्का मेट्रो अधिभार. टॉवरचं काम चालू असताना बुक केलंत तर 5 टक्के जीएसटी वेगळा. ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आल्यावर घेतलंत तर नाही, आणि रिसेलवर तर नाहीच. एक कोटीवर हे पाच लाख होतात. तेवढ्यात माझ्या अंदाजाने जुन्या वन बीएचकेचं बाथरूम, ओटा आणि वायरिंग व्यवस्थित होतं.

मेंटेनन्स मात्र नीट समजून घ्या. जुन्या सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं आणि बिल आटोक्यात राहतं. टॉवरमध्ये ते चौरस फुटावर चढतं. त्यात क्लबहाउस आलं, पोहण्याचा तलाव आला, तीन-तीन लिफ्ट आल्या, लॉबीतला एसीसुद्धा आला. वन बीएचकेच्या भाड्याच्या मानाने हे नाकापेक्षा मोती जड. भाडेकरू तलावात उतरत नाही, पण त्याचं पाणी तुम्ही भरता. महिन्याचं बिल सदस्यामागे 7,500 रुपयांच्या वर गेलं आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे असली, तर त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. बरं, प्राप्तिकरात घरभाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, ती बिल दोन हजारांचं असो की आठ हजारांचं, तेवढीच. मेंटेनन्सची वेगळी वजावट साधारणपणे मिळत नाही.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते शुल्क, दोन्हीकडे लागतात. राज्य सरकारच्या 2001 च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. आमच्या कमिटीने एका वर्षी जास्त लावून पाहिले. आदेशाची झेरॉक्स सेक्रेटरी काकांच्या हातात दिली, पुढच्या बिलात आकडा खाली आला. टॉवरमध्ये झेरॉक्स द्यायची कोणाला, हाच प्रश्न होता. 51 टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी नोंदणीसाठी अर्ज करायचा, असं रेराचे नियम सांगतात. साडूंच्या इमारतीत सोसायटी व्हायला बराच काळ गेला, आणि तोवर बिल पाठवणाऱ्या एजन्सीकडे तक्रार केली की तिकीट नंबर यायचा.

हे सगळं मी सहन केलं असतं. माझं मत फिरलं ते भिंतीमुळे.

हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये विटांची भिंत नसते. अॅल्युमिनियमचं शटरिंग लावून खोल्यांच्या भिंती आणि स्लॅब एका दमात काँक्रीटमध्ये ओततात. बांधकाम झपाट्याने होतं, भिंती आरशासारख्या सरळ येतात, प्लास्टरची कटकट नाही. राहायला घर म्हणून उत्तमच. पण भाड्याने देणाऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी घरात काही ना काही बदलावं लागतं, आणि तिथे ही भिंत आडवी येते.

साडूंच्या एका भाडेकरूंना हॉलमध्ये एसी हवा होता. एसीचा पॉइंट फक्त बेडरूममध्ये. मी आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन घेऊन गेलो. त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि बॅग उघडलीच नाही. खाच मारून पाइप आत घालणं शक्य नाही, कारण तीच भिंत इमारतीचा भार घेते. मॅनेजमेंट ऑफिसनेही लेखी मनाई केलेली, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी हॉलच्या कडेकडेने पांढरी केसिंग पट्टी फिरवली. नव्याकोऱ्या घरात ती अशी दिसते की विचारू नका. मग वॉशिंग मशीनच्या नळाची तीच गत, एक्झॉस्टची तीच गत. देवघराची फळी लावायची तर हॅमर ड्रिल हवं, ड्रिल चालवायचं तर परवानगी हवी, आणि काम दुपारच्या ठरलेल्या तासांतच, शनिवार-रविवार बंद. कामगाराचा गेटपास काढण्यात सकाळ जायची. मिस्त्री पूर्ण दिवसाची मजुरी घेतो, काम मात्र अर्ध्या दिवसाचं होतं. तेवढे दिवस घर रिकामं.

तरीही त्रासापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खुपते. भिंत हलत नाही म्हणजे घर वेगळं करता येत नाही. त्या टॉवरमध्ये वन बीएचके सगळे एका साच्यातले: तीच लादी, तोच ओटा, तोच खिडकीचा कोपरा. ताबा मिळाल्यावर त्यातले निम्मे एकदमच भाड्याच्या बाजारात आले. ब्रोकर मोबाइलवर ओळीने फोटो दाखवायचा आणि येणारा माणूस हजार रुपये कमी असेल तिकडे जायचा. मी तिथे रंग, पडदे, मॉड्युलर किचनची दारं असं जे सुचलं ते करून पाहिलं. भाड्यात फरक पडला असेल तर मला तरी दिसला नाही.

मुलुंडचं घर याच्या अगदी उलट. आरसीसीची चौकट आणि मध्ये साडेचार इंची विटांच्या भिंती. स्वयंपाकघर आणि पॅसेजमधली भिंत फूटभर सरकवली, तर फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोघांची सोय झाली. त्याआधी सोसायटीकडे अर्ज आणि त्याला जोडून इंजिनिअरचं पत्र, की कॉलम-बीमला हात लागत नाही. हे पत्र टाळू नका, शेजारीपाजारी लक्ष ठेवून असतात आणि ठेवावंच. कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट घातला, मोरीची जागा बाथरूमला दिली, माळ्याला नीट दारं केली. जुनी बारीक वायर काढून एसी-गीझरला जाड वायर, नवा एमसीबी बोर्ड. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, तेव्हा दोन एसी चालवायचे असतील तर मंजूर भार वाढवण्याचा अर्ज काम सुरू होतानाच टाकलेला बरा. त्या गल्लीत तसं घर दुसरं नव्हतं. बघायला आलेलं पहिलंच जोडपं ओट्यापाशी थांबलं, आपसात कुजबुजलं, आणि भाड्यावर फार घासाघीस झाली नाही.

जुन्यात सगळं गोड आहे असं मात्र नाही. गळती आहे. मुंबईचा पावसाळा आणि चाळीस वर्षांचं बाथरूम यांचं जमत नाही. जुन्या बाथरूमखाली स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव. त्यात पाणी मुरतं आणि खालच्याच्या छतावर उतरतं. म्हणून तुमच्या बाथरूमची लादी काढाल तेव्हा भरावही काढा. वॉटरप्रूफिंग झालं की लादी लावण्याआधी निदान दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. मिस्त्री म्हणेल, काही गरज नाही साहेब. गरज आहे.

आणि आपलं केलं तरी वरच्यांचं राहतंच. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि संडास-बाथरूमची ज्याची त्याने. कागदावर ठीक आहे, पण वर एकट्या राहणाऱ्या काकू होत्या, त्यांना नोटीस कोण पाठवणार? मी निम्मा खर्च उचलला आणि माझ्याच मिस्त्रीकडून त्यांचंही बाथरूम करून घेतलं. भाडेकरूच्या पलंगावर पाणी टपकण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. हा खर्च जुनं घर घेणाऱ्याने किमतीतच धरावा.

जिन्याचाही विचार करा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय म्हणजे वयस्कर आई-वडील असलेलं कुटुंब येत नाही. माझ्याकडे बहुतेक ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत जाणारी तरुण मंडळी आली, पूल ओलांडला की ऑफिस. पण कमिटीचे नखरे असतात. बॅचलर नको, अमुक नको, रात्री पाहुणे नकोत. एकट्या मुलीला घर द्यायचं तर मला तीन घरी चहा प्यावा लागला. टॉवरमध्ये हे कोणी विचारत नाही, गेटवर रखवालदार आहे, पार्किंग आहे, कंपनी लीजवाले तिकडेच वळतात. एलबीएस मार्गावरून जाणारी मेट्रो चार पूर्ण सुरू झाली की भांडुपचं पारडं कदाचित आणखी जड होईल.

करारात दोन्हीकडे फरक नाही. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवा. हेवी डिपॉझिट घेऊन भाडं नाममात्र ठेवायचा प्रकार मी करत नाही. डिपॉझिट खर्च होतं आणि परत द्यायच्या दिवशी धावाधाव.

उरला रिडेव्हलपमेंटचा विषय, कारण जुनं घेणारे निम्मे लोक मनातून त्यासाठीच घेतात. राज्य सरकारच्या 2019 च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या निर्देशांनुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे चाकं पूर्वीपेक्षा लवकर फिरतात. झालं तर नवं, बहुधा मोठं घर मिळतं, बांधकामाच्या काळात विकासकाकडून भाडं मिळतं. पण तेच तुमच्या नूतनीकरणाच्या मुळावरही येतं. पाच-सात लाख घालून घर सजवलं आणि दीड वर्षात इमारत पाडली, तर ग्रॅनाइट कोणाच्या कामाचा? म्हणून टोकन देण्याआधी मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. 30 वर्षांपुढच्या इमारतीला ऑडिट सक्तीचं आहे, तेव्हा 'अजून केलं नाही' हे उत्तर आलं तर तेही उत्तरच. इतिवृत्तात आर्किटेक्ट नेमल्याचं दिसलं, तर फक्त गळती आणि वायरिंग करा, रंग मारा आणि भाड्याने द्या. नुसत्या गप्पाच चालू असतील, तर खुशाल भिंत सरकवा. गप्पा पंधरा वर्षंही चालतात.

तुम्ही मुंबईबाहेर राहत असाल आणि चावी सांभाळायला माझ्यासारखा साडू नसेल, तर टॉवर घ्या, ओसी आलेला घ्या, आणि त्याच इमारतीत किती घरं भाड्याला आहेत ते आधी ब्रोकरकडून काढून घ्या. शनिवारी मिस्त्रीसोबत उभं राहायची तयारी असेल, तर मुलुंड पूर्व, विक्रोळी पूर्व, बोरिवली-दहिसरच्या विटांच्या इमारती पाहा असं मी म्हणेन. पाहायला शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जा, आणि आपल्या फ्लॅटआधी वरच्या फ्लॅटची बेल वाजवा.