एलडीएल उतरवायचंय: ताटातून की बाटलीतल्या कॅप्सूलमधून?

समजा रिपोर्टवर एलडीएलसमोर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलसमोर, १५० लिहिलंय, बाकी तब्येत ठणठणीत आहे आणि डॉक्टर म्हणालेत, ‘तीन महिने खाण्यापिण्याकडे बघा, मग गोळीचं ठरवू.’ या तीन महिन्यांत करायचं काय? एका बाजूला ओट्स, इसबगोल, बदाम. दुसऱ्या बाजूला फिश ऑइल, लसणाच्या गोळ्या, रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या गोळ्या). माझा कल पहिल्या बाजूला आहे, ते लपवत नाही.

पण आधी एक अट. आकडा १९० च्या वर असेल, स्वतःला हृदयविकार किंवा मधुमेह असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे नुसत्या आहारावर थांबू नका. औषधाचं डॉक्टरांशी आत्ताच बोला. साधारण अडीचशे माणसांत एकाच्या शरीरात जन्मापासूनच रक्तातलं एलडीएल नीट उचललं जात नाही. त्यानं कितीही ओट्स खाल्ले तरी पुरत नाहीत.

ताटात सगळ्यात मोठा फरक पडतो तो अदलाबदलीने. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने एलडीएल उतरवायचं असेल तर संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) १३ ग्रॅमच्या आसपास ठेवावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. एक मोठा चमचा लोण्यात ती सातेक ग्रॅम असते, खोबरेल तेलाच्या तेवढ्याच चमच्यात बाराच्या आसपास. म्हणजे खोबरेल तेलाच्या एका चमच्यात दिवसाचा कोटा जवळपास संपला. त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन किंवा ऑलिव्हसारखं तेल आलं तर एलडीएल उतरतं. मैदा आणि साखर आली तर फारसं हाती लागत नाही, उलट ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात. लोणी सोडून बिस्किटं धरणारे इथेच फसतात. अंड्याचा बागुलबुवा मात्र जरा जास्तच झालाय. बहुतेकांच्या रक्तातला आकडा अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त हलतो. जाता जाता कॉफीचंही सांगतो: न गाळता उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ उतरतो आणि तो एलडीएल वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो बराचसा अडकतो.

आता इसबगोल. ग्लासभर पाण्यात चमचाभर भुसा टाकून दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. पाणी घट्ट होतं, चमचा जड फिरतो. हाच चिकटपणा आतड्यात कामाला येतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं आणि एरवी त्यातला मोठा भाग आतड्यातून परत शोषून पुन्हा वापरतं. चिकट तंतू (फायबर) ते पित्त धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. रोज १० ग्रॅमच्या आसपास घेतलं तर १५० मधून साधारण १० ते १३ अंक कमी होतात. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, चालू असणाऱ्यालाही हे उपयोगी, कारण स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी जेमतेम ६ टक्के जास्तीचा उतार मिळतो. मात्र पाणी भरपूर हवं, सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं. ओट्सचं काम याच वाटेने चालतं, पण त्यातला बीटा-ग्लुकन हा चिकट तंतू ३ ग्रॅम मिळवायला कोरडे ओट्स ७५ ग्रॅमच्या आसपास लागतात. दोन चमचे ओट्स घातलेल्या कुकीने ते जमत नाही.

प्लांट स्टेरॉलला, म्हणजे वनस्पतींतल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थाला, मी मधल्या रांगेत बसवतो. जेवणासोबत रोज २ ग्रॅम घेतल्यास एलडीएल ८ ते १० टक्के उतरतं असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. रोजच्या अन्नातून एवढं मिळत नाही, त्यामुळे मुद्दाम मिसळलेले पदार्थ किंवा गोळ्या घ्याव्या लागतात. याने झटके टळतात असा थेट पुरावा अजून नाही.

फिश ऑइलच्या बाटलीवर पुढे १००० मि.ग्रॅ. छापलेलं असतं. बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा: बऱ्याचदा ईपीए १८०, डीएचए १२० (ही त्यातली दोन ओमेगा-३ आम्लं). म्हणजे कामाचं फक्त ३००. ट्रायग्लिसराइड्स उतरवायला यांचे दोन ते चार ग्रॅम लागतात. रोज किमान सात कॅप्सूल झाल्या. आणि एलडीएल? ते उतरत नाही, डीएचएने कधी थोडं चढतंही. शिवाय मोठ्या डोसमध्ये हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. तुमची तक्रार एलडीएलची असेल तर ही बाटली चुकीच्या आकड्यावरचा खर्च आहे.

रेड यीस्ट राइसचा मामला वेगळा, कारण ते खरंच काम करू शकतं. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं स्टॅटिन औषध. ‘मला गोळी नको, नैसर्गिक हवं’ म्हणणारा माणूस इथे गोळीच खातो, फक्त डोस माहीत नसलेली. एका बाटलीत भरपूर, दुसरीत जवळपास शून्य, असं आढळलंय. काहींत मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिनही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाला ३ मि.ग्रॅ.पेक्षा कमी अशी मर्यादा घातली. स्नायू दुखणं, यकृतावरचा ताण, इतर औषधांशी भांडण हे सगळं स्टॅटिनसारखंच. घ्यायचंच तर डॉक्टरांनी मोजून दिलेलं का घेऊ नये?

लसणाबद्दल थोडक्यात: जेवणात चवीला उत्तम. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या स्पोर्ट चाचणीत रोझुव्हास्टॅटिन ५ मि.ग्रॅ.ने २८ दिवसांत एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरवलं. फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, स्टेरॉल, रेड यीस्ट राइस यांपैकी एकही बिनऔषधी गोळीहून सरस ठरलं नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल वाढलं. चाचणी लहान होती आणि खर्च त्या स्टॅटिनच्या कंपनीचा होता, हेही ध्यानात असू द्या.

मग ताट गोळीशी टक्कर देऊ शकतं का? टोरोंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाने चिकट तंतू, सोया, बदाम आणि स्टेरॉल एकाच आहारात आणले. २००३ मध्ये, अन्न पुरवलं तेव्हा, महिन्याभरात एलडीएल जवळपास २९ टक्के उतरलं. शेजारच्या लोव्हास्टॅटिन गटात ३१. २०११ मध्ये लोकांना नुसता सल्ला दिला आणि स्वयंपाक त्यांचा त्यांच्यावर सोडला, तेव्हा उतार १३-१४ टक्क्यांवर आला. माझ्या मते आपल्यासाठी हा दुसराच आकडा खरा. १५० वर तो २० अंकांचा होतो.

पुन्हा तपासणी सहा ते बारा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. काहीही न बदलता एलडीएल इकडेतिकडे आठ-दहा टक्के हलतं, म्हणून १४३ दिसलं तर श्रेय कुणालाच देऊ नका. १३० दिसलं तर इसबगोलचा डबा ओट्यावरून हलवू नका. १५० चं १५२ झालं, आणि तुम्ही खरोखर सगळं पाळलं होतं, तर तो रिपोर्ट घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा आणि गोळीचं बोलून टाका.