सीएनजी हॅचबॅक, वर्ष होत आलं: इंधनात वाचलं, डिकीत गेलं

गाडी गॅसवर अडखळते या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरनं गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा "सीएनजीवर एवढा झटका येतोच, मॅडम" म्हणत गाडी परत दिली, म्हणून हे लिहायला घेतलं.

गाडी कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक आहे, बाराशे सीसी, मॅन्युअल. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बरंचसं एका सिलिंडरच्या कुठल्याही छोट्या गाडीला लागू आहे. रोजचा वापर पुण्यात धायरी ते हडपसर. शनिवार-रविवारी एकतर माहेरी वाईला, नाहीतर सासरी कराडजवळच्या गावी. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते.

मायलेजबद्दल तक्रार नाही. एसी लावून शहरात किलोला चोवीस-पंचवीस, महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगानं एकोणतीसपर्यंत जाते. पेट्रोल शंभरीच्या वर आणि गॅस नव्वदच्या आसपास धरला तर किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. पेट्रोलच्या त्याच गाडीपेक्षा जास्त मोजलेले नव्वद-पंच्याण्णव हजार भरून निघायला छत्तीस-अडतीस हजार किलोमीटर लागतील. आमच्या वापरात ते अडीच-तीन वर्षांत होईल. वर्षाला आठ-दहा हजारच फिरणार असाल तर पेट्रोल घ्या.

आता डिकी. साठ लिटरचा सिलिंडर आडवा बसवलेला आणि त्याच्यापुढे उभी केलेली स्टेपनी. शोरूममध्ये सांगितलं होतं, दोन बॅगा आरामात बसतात. पुण्यातून निघताना बसतातही. पण गावाहून परत निघताना आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बॅगा देत नाहीत. ज्वारीचं अर्धं पोतं असतं, इंद्रायणी तांदूळ असतो, गुळाची ढेप, शेंगा, घेवडा, उन्हाळ्यात कैऱ्या आणि लोणच्याची बरणी. मामा, म्हणजे सासरे, पोतं खांद्यावर घेऊन गाडीमागे येतात, मी डिकी उघडते, आणि ते पोतं तसंच धरून उभे राहतात. ठेवायला सपाट जागाच नसते. मग जुन्या गाडीची आठवण निघते, तिच्यात सगळं मावायचं.

मागची सीट पाडून बघा असं कोणी सुचवेल. आमच्या गाडीत ती अखंड आहे, पाडली की मागे कोणीच बसू शकत नाही, आणि मुलगी मागे बसते. विभागून पाडता येणारी सीट याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये आहे, पण त्यात कंपनी सीएनजी देत नाही. ज्या कुटुंबाला जागेची सर्वात जास्त गरज त्यालाच ती सीट मिळत नाही, याचा मला मनापासून राग आहे. पोतं सीटवर ठेवणार असाल तर सुटं ठेवू नका, बेल्टनं बांधा. जोरात ब्रेक लागला तर पंचवीस किलोची ज्वारी पुढच्या माणसाच्या पाठीत येते.

या सगळ्यात निम्मं सामान 'पुढच्या खेपेला न्या' म्हणून सोप्यातच राहतं. पुढच्या खेपेपर्यंत ज्वारीत सोंडे होतात आणि पुण्यात आम्ही तीच ज्वारी किलोवर विकत आणतो. गॅसवर वाचलेल्या पैशातून ही रक्कम वजा करायला हवी, आणि मी ती करते. त्याहून जास्त लागतं ते आत्यांचा चेहरा बघताना. वर्षभर राखून ठेवलेलं धान्य लेकाच्या घरी पोचत नाही, ते एका गाडीच्या रचनेमुळे.

हे अटळ असतं तर मी गप्प बसले असते. पण टाटानं २०२३मध्ये अल्ट्रोझमध्ये तीस-तीस लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून वरची जागा मोकळी ठेवली. मारुतीनं २०२५मध्ये व्हिक्टोरिसला सिलिंडर गाडीच्या पोटाखाली नेला. उपाय आहे, तो सगळ्या छोट्या गाड्यांत यायला हवा.

गॅस भरण्याबद्दल मात्र माझं मत बदललं आहे. पहिले दोन महिने रांगांनी जीव मेटाकुटीला आला होता. पाइपलाइन नसलेल्या पंपांवर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ते रिकामे होत आले की प्रेशर उतरतं आणि दोनशे बारऐवजी कमीवरच गाडी 'फुल्ल' होते. उन्हात भरताना गॅस तापतो, त्यामुळेही वजनानं कमी बसतो. त्यामुळे आता शुक्रवारी रात्री उशिरा पाइपलाइनच्या पंपावर भरते. त्याच सिलिंडरमध्ये अर्धा-पाऊण किलो जास्त बसतो आणि कराड एका भरण्यात निवांत येतं. भरताना सगळ्यांना खाली उतरावंच लागतं, तेव्हा झोपलेलं मूल किंवा गुडघे दुखणारे आजोबा सोबत असतील तर निघण्याआधीच भरून घ्या.

टोलचा वार्षिक फास्टॅग पासही याच हिशेबातला. १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे धरून जाऊन-येऊन सहा फेऱ्या होतात, म्हणजे त्या दरानं नव्वद रुपये. सासर-माहेर राष्ट्रीय महामार्गावर असेल त्यानं हा पास घ्यावाच.

खंबाटकी घाटाची भीती होती. साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्यानं घाट चढावा लागतो, येताना बोगदा आहे. चौघं जण आणि एसी असताना सीएनजीवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दमते. आता घाटाआधीचं (सातारा जिल्ह्यातलं) खंडाळा मागे टाकलं की बटण दाबून पेट्रोलवर घेते आणि माथ्यावर परत गॅसवर. पेट्रोल नगण्य जातं, आणि टाकीतलं पेट्रोल पडून जुनं होण्यापेक्षा असं वापरलेलं बरं.

तर तो झटका. पावसाळ्यानंतर तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगात गाडी अडखळायला लागली, फक्त गॅसवर. सर्व्हिस सेंटरनं आधी पंपाच्या गॅसला दोष दिला, मग सॉफ्टवेअर अपडेट केलं, मग इंजेक्टर बदलायचा मोठा खर्च सांगितला. ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग तपासा असं मी जॉबकार्डवर लिहून दिलं होतं, त्यापुढे 'ओके' लिहून आलं. गेल्या आठवड्यातल्या त्या उत्तरानंतर कराडच्या एका जुन्या सीएनजी मेकॅनिककडे गेले. त्यानं प्लग काढून हातात दिले, चारही झिजलेले, गॅप वाढलेली. सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे थोडी झीजही गॅसवर आधी जाणवते आणि पेट्रोलवर लपते. नवे प्लग आणि गॅसचा फिल्टर टाकला, झटका गेला. जुने प्लग, जॉबकार्डचा फोटो आणि मेकॅनिकचं बिल जोडून कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. प्लग तपासल्याचे पैसे सर्व्हिसच्या बिलात लावले होते, ते मला परत हवेत.

घेणार असाल तर सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख डिलिव्हरीच्या दिवशीच बघा. हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं सिलिंडरची तपासणी, दर तीन वर्षांनी असते आणि ती मुदत त्या तारखेवरून धरतात. आणि शोरूमला जाताना घरातलं एक भरलेलं पोतं घेऊन जा. ते डिकीत ठेवायला सांगा, मग स्टेपनी काढून दाखवायला सांगा.