शर्यतीतून निवृत्त झालेल्या कुत्रीसाठी मार्टिंगेल पट्टा : खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात वापरून

घरी शर्यतीतलं कुत्रं आणायचं ठरलं असेल, तर ते उंबऱ्यात यायच्या आधी मार्टिंगेल पट्टा, म्हणजे ओढ बसली की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा गळपट्टा, घरात येऊ दे. आल्यावर बघू म्हणालात तर मधल्या काळात कुत्रं हातचं जाऊ शकतं. मी हा पट्टा उन्हाळ्यात वापरला, अख्खा पावसाळा वापरला आणि आता थंडीतही वापरते आहे. समुद्राला लागून राहणाऱ्या माणसाने तो घेताना काय बघावं, हे विकणाऱ्यांच्या वर्णनात कुठेच नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची हरणी कारवान, म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी जातीची कुत्री आहे. अंगात थोडं ग्रेहाउंडचं रक्तही असावं, असं डॉक्टर म्हणतात. माझं माहेर सांगलीकडचं. तिकडे जत्रेच्या दिवसांत माळावर कुत्र्यांच्या शर्यती लागतात, त्यात ती पळायची. पुढच्या पायाचं बोट दुखावलं, वेग गेला, मालकाला ती नकोशी झाली. भावाने मागून घेतली आणि गुहागरला आमच्याकडे आणून सोडली. अशी कुत्री जगभर आहेत. ग्रेहाउंड साधारण ३ ते ५ वर्षांचं झालं की शर्यतीतून बाद होतं, आणि आयुष्य तर १०-१२ वर्षांचं असतं. अमेरिकेत फ्लोरिडात २०१८ च्या मतदानात शर्यती बंद करायचं ठरलं आणि २०२० संपता संपता त्या थांबल्या. चीनजवळच्या मकाऊतलं कॅनिड्रोम हे कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान २०१८ मध्येच बंद झालं, तिथल्या पाचशेहून जास्त ग्रेहाउंडना घरं शोधावी लागली. ही कुत्री सांभाळता सांभाळता तिकडच्या लोकांनी जे शिकून घेतलं, त्यातलं बरंचसं आमच्या हरणीला जसंच्या तसं लागू पडलं. पट्टाही त्यातलाच.

या अंगकाठीच्या कुत्र्याची मान लांब आणि भक्कम, डोकं निमुळतं. कानांमागचा मानेचा घेर आणि डोक्याचा घेर यांत फरक असा राहतच नाही. साधा बकलचा पट्टा कितीही आवळा, कुत्रं घाबरलं की पुढचे पाय रोवतं, मान खाली घालतं, कान मागे चिकटवतं आणि सरळ मागे सरतं. पट्टा कानांवरून अलगद निघतो आणि तुमच्या हातात राहतो. बाजारपेठेत मागून एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा हरणीने नेमकं हेच केलं. मार्टिंगेल होता, म्हणून ती जागची हलली नाही.

त्याची रचना सोपी आहे. मोठा वेढा मानेभोवती, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या, आणि त्या दोन कड्यांतून ओवलेला एक छोटा वेढा. फिरायची दोरी या छोट्या वेढ्याला लागते. कुत्रं मागे सरलं की छोटा वेढा ताणला जातो, दोन कड्या जवळ येतात आणि मोठा वेढा मानेला धरतो. ठरवून दिलेल्या मापाच्या पुढे मात्र तो आवळत नाही. चोक साखळी आवळतच जाते, म्हणून ती या नाजूक गळ्याला अजिबात लावू नये. माप बरोबर आहे की नाही हे बघायची खूण अशी : दोरी पूर्ण ताणून धरा. दोन कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे, कारण पुढे आवळायला जागाच उरली नाही. मधे दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. पट्टा बसतो मानेच्या वरच्या बाजूला, कानांच्या लगेच मागे. खाली खांद्यापर्यंत घसरणारा पट्टा निरुपयोगी. रुंदी दीड ते दोन इंच हवी, म्हणजे ताण एकाच रेघेवर येत नाही. यांची कातडी फार पातळ असते, काजूच्या वाळक्या फांदीनेही फाटते.

आता कड्यांबद्दल. पहिला पट्टा मी ऑनलाइन मागवला. वर्णनात स्टेनलेस स्टील लिहिलेलं होतं. पावसाळा लागायच्या आतच कडीच्या आतल्या अंगाला तांबूस ठिपके दिसू लागले. कडीवरून नख फिरवलं तर एका जागी ते अडकायचं. तिथे वेल्डिंग नव्हतंच, तार वाकवून टोकाला टोक नुसतं भिडवलेलं होतं. वीस-पंचवीस किलोचं कुत्रं झेपावलं तर सगळा भार त्या फटीवर. असा पट्टा मी क्षणभरही वापरणार नाही. दुकानदाराने बदलून दिला नाही, म्हणून दुसरीकडून पितळी कड्यांचा घेतला, साडेसहाशेला. त्याच्या कड्या ओतीव आहेत, जोड कुठेच नाही. पितळ खाऱ्या वाऱ्याने काळवंडतं, पण खालून पोखरत नाही. घरी तपासायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं. पितळी म्हणवणाऱ्या कडीला घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. आमच्याकडे खिडकीचे गज वर्षात फुगतात, तिथे मुलाम्याचं काय चालणार!

अस्तराचे पट्टे दिसायला सुरेख आणि मानेला मऊ असतात, पण जुलैत ते वाळत नाहीत. आतून कुबट वास येतो आणि मानेखालचे केस जायला लागतात. मी बिनअस्तराचा, कडा मऊ विणलेला नायलॉनचा पसंत केला. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्यात खळबळून पडवीच्या दांडीवर टाकते, सकाळपर्यंत वापरण्याजोगा होतो. चिपळूणला एका चांभारकाकांनी अगदी मापाबरहुकूम चामड्याचाही शिवून दिला. हाताला इतका छान लागतो की काय सांगू. पण मृगापासून दसऱ्यापर्यंत त्यावर बुरशी धरते, तेव्हा तो फक्त कोरड्या दिवसांसाठी.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कुत्रं आगरात मोकळं असताना किंवा घरात एकटं असताना मार्टिंगेल गळ्यात ठेवू नका. तो छोटा वेढा गजाला, कुंपणाच्या तारेला, कापलेल्या पोफळीच्या खुंटाला अडकू शकतो, आणि कुत्रं सुटायला धडपडलं की आवळतो. आमच्याकडे पट्टा दाराजवळच्या खुंटीवर असतो, बाहेर पडताना घालायचा, आत आल्यावर काढायचा. घरात तिच्या गळ्यात साधा हलका पट्टा आणि त्यावर फोन नंबरचा बिल्ला.

पट्टा कुत्र्याला निसटू देत नाही, एवढंच त्याचं काम. दोरीवर नीट चालायला तो शिकवत नाही. ते आपण शिकवायचं. दोरी पाच-सहा फुटांची, सपाट, हाताला न कापणारी घ्या. बटण दाबलं की गुंडाळी होणारी दोरी या कुत्र्याला कधीही नको. ग्रेहाउंड काही ढांगांतच ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातं, आणि दोरी जिथे संपते तिथे सगळा झटका मानेला बसतो. कंबरेला बांधायची लांब लवचीक दोरीही मी घराबाहेर वापरत नाही.

गुहागरचा किनारा लांबच लांब, सरळ, पहाटे जवळपास रिकामा. शिकवायला याहून चांगली जागा नाही, आणि मोह म्हणाल तर तोही तिथेच. ओल्या वाळूवर कुर्ल्या धावतात, टिटव्या उठतात, लांबवर एखादं गावठी कुत्रं दिसतं. ही कुत्री वासाहून नजरेवर जास्त चालतात, हललेलं काहीही त्यांना ओढून नेतं. पण झेपावण्याआधी हरणी सांगते. तोंड मिटतं, कान उभे राहतात, शेपटी थांबते, कधी पुढचा एक पाय उचललेला तसाच राहतो. काम त्या क्षणी करायचं. मी तिचं नाव घेते, उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकाशी नेते आणि तिला माझ्याबरोबर वळवून उलट्या दिशेने चालू लागते. एकदा ती झेपावली की मग हाका मारून काही उपयोग नाही, तेव्हा फक्त पट्टा आणि दोरी.

बाकी नियम एकच. दोरी ताणली की मी थांबते, सैल झाली की निघते. हे घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवं. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ओढत न्यायचं, असं झालं की कुत्रं ओढणंच शिकतं. कधी कधी ती वाटेत पुतळ्यासारखी उभी राहते, ही या कुत्र्यांची प्रसिद्ध खोड आहे. ओढलं तर आणखी रुतते. दोरी सैल सोडून मी तिच्या बाजूला जाते, दोन पावलं आडवी टाकते, की ती आपोआप मागून येते. पाय दुखतोय का, वाळू तापली आहे का, हेही तेव्हाच बघून घ्यावं. एप्रिलमध्ये नऊनंतर किनारा तिच्या तळव्यांना सोसत नाही. आणि बसायला शिकवण्याचा हट्ट धरू नका. यांच्या मांड्या अशा भरलेल्या असतात की बसणं त्यांना अवघड जातं, उभं राहून थांबणं पुरे.

घरातल्या शिस्तीलाही हीच दोरी उपयोगी पडली. शर्यतीचं कुत्रं मुळात स्वच्छ असतं, आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही. पण त्याला ठरलेल्या वेळी कुणीतरी सोडून आणलेलं असतं. ‘मला बाहेर जायचंय’ हे सांगायची वेळच त्याच्यावर आलेली नसते. मग आपल्या घरात ते गप्प उभं राहतं आणि तिथेच मोकळं होतं. म्हणून सुरुवातीला घड्याळ आपण सांभाळायचं. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, झोप झाल्यावर, रात्री दिवे मालवण्याआधी, मागील दारी त्याच एका जागी. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि तुकडा. घरात येऊन दिलेला तुकडा कुत्र्याच्या लेखी घरात येण्याबद्दलचा असतो.

आमच्याकडे पर्यटकांसाठी घरगुती जेवण असतं, दुपारी माझे हात रिकामे नसतात. त्या वेळी दोरीचं एक टोक तिच्या साध्या पट्ट्याला आणि दुसरं माझ्या कमरेला. मी चुलीशी, तर तीही तिथे. नजरेआड होऊ द्यायची नाही. ते शक्य नसेल तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात तिची गोधडी आणि पुढे फळी. देवघर माजघरात असल्याने सासूबाईंना धास्ती होती, म्हणून माजघराच्या दारालाही फळी लावली. ओरडणं, नाक घासणं यातलं काहीही करू नका. हळव्या स्वभावाचं कुत्रं त्यातून एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर लघवी करायची नाही, आणि मग बाहेर दोरीवरही करत नाही. आता तिचा दाराशी घुटमळण्याचा इशारा सगळ्यात आधी सासूबाईंनाच कळतो. ‘अगो, ती दाराशी फेऱ्या मारत्ये बघ, ने तिला,’ अशी हाक आली की मी हातातलं टाकून उठते.

घरात लघवी झालेली जागा पुसायला पट्ट्यासोबत एन्झाइमचा क्लीनर मागवला होता, त्याबद्दलही लिहिते. फिनेलने आपल्या नाकाला वास जातो, कुत्र्याला जागा सापडतेच. एन्झाइमचं द्रव टाइल्सवर चांगलं काम करतं, पण ओतून लगेच पुसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि त्याआधी तिथे फिनेल मारायचं नाही. शेणाने सारवलेल्या ओटीवर मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे ओलावा खोल मुरतो. तेवढी माती खरवडून, नवी भरून, पुन्हा सारवणं हाच उपाय. पाचपैकी तीन तारे, तेही टाइल्सवाल्यांसाठी.

खरी परीक्षा पावसाची. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो इथे, आणि पातळ केसांची, अंगावर चरबी नसलेली कुत्री धारेत पाय ठेवायला तयार नसते. घाटावर कोरड्या माळात वाढलेली हरणी मागील दारी येऊन नुसती बघत उभी राहायची. आम्ही न्हाणीघराच्या बाजूला दोन पत्रे वाढवून खाली जाड वाळू टाकली, मे महिन्यातच, म्हणजे कोरड्या दिवसांत तिला त्या जागेची सवय झाली. जूनमध्ये मार्टिंगेल घालून, अंगावर झूल टाकून तिथवर न्यायचं, इतकंच उरलं. मळभ यायच्या आधीच कुत्रं पाळणाऱ्यांनी त्याची ही जागा बांधून घ्यावी.

पट्ट्याला माझे साडेचार तारे. अर्धा कापला तो मापांच्या गोंधळासाठी. बहुतेक विक्रेते लहान-मध्यम-मोठा एवढंच लिहितात, आणि मध्यम म्हणजे लॅब्राडोरच्या मानेचं मध्यम. मागवताना दोन मापं कळवा : कानांच्या लगेच मागे मानेचा घेर, आणि कानांपुढे डोक्याचा सगळ्यात रुंद घेर. बकल नसलेला, डोक्यावरून घालायचा प्रकार मागा; प्लॅस्टिकचं बकल झटक्याला तुटू शकतं. कडीच्या जोडाचा जवळून काढलेला फोटो पाठवायला सांगा, आणि तो मिळेपर्यंत पैसे भरू नका.