रोजच्या बॅगेतला इमर्जन्सी पाउच: एका पावसाळ्यानंतर काय टिकलं, काय बाद झालं

आधीच सांगतो, यातला मोठा भाग टॉर्चबद्दल आहे. पाउचमधली ती काही सगळ्यात महत्त्वाची वस्तू नाही. पण गरज पडली तेव्हा तोच बंद निघाला आणि सर्व्हिस सेंटरने हात वर केले, त्यामुळे राग त्याच्यावर आहे.

पाउच कशासाठी, ते थोडक्यात. कर्जत-कसाऱ्याकडून मुंबईला रोज ये-जा करणाऱ्याच्या बॅगेत कायम पडून राहील असा, पाण्याची बाटली सोडून अर्ध्या किलोच्या आतला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. १२ ऑक्टोबर २०२० ला ऐन सकाळी वीज गेली आणि लोकल होत्या तिथेच थांबल्या. असे प्रसंग धरून पाउच भरला: उजेड, चालू फोन, पाणी, चार पैसे आणि किरकोळ जखमेची सोय. जंगलात आठवडा काढायची तयारी इथे कामाची नाही.

तर टॉर्च. सातशे रुपयांच्या आसपास मिळतो तो प्रकार: आत पक्का बसवलेला लिथियम सेल, बाजूला बटण, बटणात हिरवा दिवा, टाइप-सी चार्जिंग, आयपीएक्स४ (पाण्यापासून किती बचाव, याचं रेटिंग). घेतला तेव्हा वाटलं होतं की फोन, टॉर्च, सगळंच एका केबलवर चालावं. उन्हाळाभर चाललंही, आणि तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. पावसाळा लागल्यावर ते मत राहिलं नाही.

पहिली गडबड केबलची. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने हा टॉर्च चार्जच होत नाही. टाइप-सीमध्ये वीज देणारी बाजू आधी समोर कोण आहे ते तपासते. त्यासाठी चार्ज होणाऱ्या वस्तूत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे बारीक भाग, लागतात. पैसे वाचवायला ते गाळले की पॉवर बँकेला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही आणि ती वीज सोडत नाही. जुन्या चौकोनी यूएसबी-ए टोकाची केबल लावली की तोच टॉर्च चार्ज होतो, कारण त्या भोकात ५ व्होल्ट कायम असतात. म्हणून टॉर्च, हेडफोन, ट्रिमर काहीही घ्या, दोन्ही केबलींनी चार्ज होतंय का ते पहिल्याच दिवशी बघा. होत नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

त्यातच दुसरी भानगड: बऱ्याच पॉवर बँका ५०-१०० मिलिअँपिअरच्या खाली करंट गेला की फोन काढला असं समजून बंद होतात. छोटा टॉर्च शेवटी शेवटी तेवढंही घेत नाही, मग चार्जिंग मध्येच थांबतं. काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबून कमी करंटचा मोड लागतो. असा मोड असलेलीच घ्या.

खरा घोटाळा मात्र त्या हिरव्या दिव्यात आहे. बटण शोधायला सोपं जावं म्हणून तो कायम जळतो. समजा तो १ मिलिअँपिअर खातो आणि सेल ८०० मिलिअँपिअर-तासांचा आहे. म्हणजे ८०० तास, जेमतेम ३३ दिवस. टॉर्च एकदाही न लावता महिन्याभरात रिकामा! आणि लिथियम सेल असा तळाला गेला की त्याचं संरक्षक सर्किट त्याला तोडून टाकतं, आणि फार दिवस तसाच राहिला तर चार्जर लावूनही तो उठत नाही. आपत्कालीन वस्तू म्हणजे सहा महिने हात न लावता पडून राहणारी वस्तू. तिच्यात सतत वीज पिणारा दिवा ठेवणं ही रचनेचीच चूक आहे, वापरणाऱ्याची नाही.

सेल निघत असेल तर ही गळती घरी मोजता येते. मागचं झाकण काढा, मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) २०० मिलिअँपिअरवर ठेवा, एक टोक सेलच्या मागच्या बाजूला आणि दुसरं नळीच्या उघड्या धातूच्या कडेला लावा. आकडा अगदी बारीक दिसला की मगच खालच्या रेंजवर या. या वेळी टॉर्च चुकून लागला तर मीटरचा फ्यूज उडतो, म्हणून बटणाला हात लावू नका. ०.०५ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी असेल तर चालेल, तोच ८०० चा सेल त्यावर दीड वर्षाहून जास्त काढतो. पक्क्या सेलच्या टॉर्चमध्ये हे मोजताच येत नाही, आणि माझ्या मते न घेण्याचं तेवढंच कारण पुरेसं आहे.

चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण ही तिसरी रड. दोन-तीन महिन्यांत रबर फुगतं, मग ते नीट बसत नाही. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणं, तेही झाकण घट्ट असताना. पाण्यात पडण्याची हमी आयपीएक्स७ पासून: १ मीटर खोलीत ३० मिनिटं. ओलसर भोकात केबल लावली की विजेमुळे पिना भराभर गंजतात आणि हिरवट थर धरतात. सर्व्हिस सेंटरने तो थर बघून ‘पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही’ असं सांगितलं. पाण्याच्या शिंतोड्यांना टिकतो म्हणून विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर! वॉरंटीसाठी भांडायचं असेल तर बिल, विक्रीच्या पानावर आयपी रेटिंग लिहिल्याचा स्क्रीनशॉट आणि भोकाचा जवळून काढलेला फोटो हाताशी ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लागतो, आणि तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराच्या बोलण्याचा सूर बदलतो.

आता पाउचमध्ये एका पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल-एवर चालणारा, मागच्या बाजूला टिकटिक बटण असलेला साधा टॉर्च आहे. असं बटण बंद केलं की सर्किट खरोखर तुटतं, गळती शून्य. बाजूला बटण असलेलाच आवडत असेल तर मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. पण ही युक्ती आट्यांवर रंगीत लेप असेल तरच चालते. आटे उघड्या चकचकीत धातूचे असतील तर पाव फेऱ्याने वीज तुटत नाही. झाकण सैल करून बटण दाबून बघा, लागला नाही तर काम झालं. बॅगेत दबून टॉर्च आपोआप लागण्याचा धोकाही यानेच टळतो.

सेल कोणता, हेही महत्त्वाचं. दहा-पंधरा रुपयांचा साधा सेल आत ठेवून विसरू नका. त्याचं जस्ताचं आवरणच रासायनिक क्रियेत झिजत जातं आणि तो पाझरतो. अल्कलाइन जास्त टिकतो, पण पूर्ण उतरल्यावर तोही पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरी पूड धरते. ती पूड अल्कधर्मी असते. काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने पुसा, नंतर पाण्याने पुसून कोरडी करा, डोळ्यांना हात लावू नका. सगळ्यात बरा पर्याय म्हणजे कमी गळतीचा निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल. वर्षभर पडून राहिला तरी बराचसा चार्ज शिल्लक ठेवतो, आणि पाझरणं क्वचितच. जोडीला एक अल्कलाइन, मूळ पॅकिंगमध्येच. सुटा सेल नाण्यांसोबत ठेवला तर शॉर्ट होतो.

किती उजेड, याचा बाऊ करू नका. पाच ते पंधरा ल्युमेनमध्ये (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) जिना उतरता येतो आणि रुळांकडेची खडी दिसते. हजार ल्युमेनचा आकडा पहिल्या मिनिटाचाच, नंतर तापल्यामुळे टॉर्च स्वतःच उतरतो. सर्वात खालच्या मोडवर किती तास चालतो, तेवढंच बघा. आणि रुळांवर उतरायचं ते रेल्वेच्या माणसाने सांगितल्यावरच. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि आपली गाडी थांबली म्हणून शेजारचा मार्गही बंद आहे असं नाही. उजेड पायांपुढे ठेवा, मोटरमनच्या तोंडावर मारू नका.

पॉवर बँक १०,००० मिलिअँपिअर-तासांची पुरते. हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॅट-तास. वाया जाणारं धरून ५,००० च्या फोनला सव्वा ते दीड वेळा. मागे बारीक अक्षरात ५ व्होल्टवरची क्षमता लिहिलेली असते, तुलना त्या आकड्याची करा. २०,००० ची वजनाला जवळजवळ दुप्पट आहे, आणि जड वस्तू चार दिवसांत बॅगेतून बाहेर निघते. पूर्ण भरून उन्हात तापलेल्या डिकीत ठेवली तर ती लवकर मरते. पाऊणभर चार्ज आणि सावली, एवढं पाळा. सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर पोट फुगलंय. वापर लगेच बंद, टोचायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

ओआरएसबद्दल दोन गोष्टी आवर्जून. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, १ लिटर पाण्यासाठी असतं. बॅगेतली बाटली अर्ध्या लिटरची. अंदाजे अर्धं पाकीट ओतताना जास्त पडलं तर मिश्रण जास्त गोड-खारट होतं, आणि लहान मुलांना तसं पाजणं घातक आहे. म्हणून २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं घ्या आणि बाटलीवर ४०० मिलिलिटरची खूण नेलपॉलिशने करा. त्या खुणेपर्यंत पाणी आणि दोन पाकिटं, हिशोब चुकत नाही. पाकिटातल्या पुडीचे खडे झाले असतील तर बारीक छिद्रातून ओल गेली आहे, टाकून द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांच्या नावात तो शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते फार आधी व्हायला हवं होतं.

मलमपट्टीत चिकटणाऱ्या पट्ट्यांनी सगळ्यात निराश केलं. पावसाळी हवेत त्यांचा डिंक ढिला पडतो आणि ओल्या कातडीवर त्या बसतच नाहीत. त्याऐवजी गॉजचे चार तुकडे आणि १० सेंटिमीटरची रोलर पट्टी ठेवा. जखमेवर गॉज ठेवून १० मिनिटं सलग दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. बघितलं की धरलेली गुठळी सुटते. तापासाठी पॅरासिटामॉल. डेंग्यूच्या दिवसांत अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. केमिस्टने स्ट्रिप कापून दिली तर मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहते, ती मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून घ्या. स्वतःची रोजची औषधं तीन दिवसांची. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी पाय साबणाने धुवा, आणि लेप्टोच्या (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, पायाला जखम असेल तर त्याच दिवशी. ती गोळी मनाने घ्यायची नाही.

पैसे ५०० पुरेत, पण पाचशेची एक नोट म्हणजे काहीच नाही. वीज आणि नेटवर्क गेल्यावर चहावाला, रिक्षावाला कोणाकडेच सुटे नसतात. शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन, बाकी वीस-दहा. इंटरनेट नसताना *९९# वरून यूपीआय चालतं, पण त्यालाही मोबाइलचं नेटवर्क लागतंच.

नंबरांचा कागद जेलपेनने लिहिला तर पहिल्याच ओलीत शाई पसरते. बॉलपेनने लिहा. घरचे दोन नंबर, रक्तगट, अ‍ॅलर्जी, आणि ११२, १०८, रेल्वेचा १३९, मुंबई महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६. फोन मेला तर घरचा नंबर आठवत नाही अशी परिस्थिती बहुतेकांची आहे, म्हणून हा कागद टाळू नका.

शिट्टी आधी अनावश्यक वाटत होती, आता बॅगेच्या पट्ट्यावर बाहेरच लावलेली आहे. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी तासभर वाजवता येते. आत गोळी नसलेली घ्या, गोळी ओली होऊन अडकते. लागोपाठ तीन लांब फुंकरा, मग थांबून ऐका.

खाण्यात चिक्की बाद, गूळ ओल धरतो आणि सगळं चिकट होतं. फुटाणे मऊ पडतात. खारीक टिकली, सहा-सात पुरतात.

पाउचची धातूची झिप खाऱ्या हवेत गंजली. नायलॉनची झिप घ्या, वर मेणबत्ती घासा. आतली झिपलॉक पिशवी हवा भरून बंद करून बादलीत दाबून बघा. बुडबुडे आले तर खाचेत वाळूचा कण आहे. पुसूनही येत राहिले तर पिशवी बदला.

तयार ‘सर्व्हायव्हल किट’ घ्यायच्या विचारात असाल तर नका घेऊ. तारेची करवत, चकमक, होकायंत्र, मासे धरायचा गळ, आणि एक टॉर्च ज्याचा सेल निघत नाही. त्यातला चाकू मेट्रोच्या तपासणीत अडकला तर वर आणखी उत्तरं द्यावी लागतात; गोल टोकाची छोटी कात्री पुरते. त्याच किमतीत चांगला डबल-ए टॉर्च, दोन रिचार्जेबल सेल, शिट्टी आणि ओआरएसची पाकिटं येतात, आणि चार्जर बहुतेक घरांत आधीच असतो.