इंग्लंडमध्ये नगरपालिकेला मत द्यायचंय? सांगली-मिरजकरांसाठी तिथल्या मतदानसेवेचं परीक्षण

मिरजेच्या दवाखान्यांतून आणि नर्सिंग कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत जातात. त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं की भारतीय पासपोर्टवर तिथे मतदान करता येतं. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय नागरिक, वय १८ पूर्ण, वैध व्हिसा आणि इंग्लंडमधला राहता पत्ता एवढ्यावर नाव यादीत जातं. स्थानिक निवडणुकीतच नव्हे, खासदारकीलाही. मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर गेलेले आई-वडील मात्र साधारणपणे रहिवासी धरले जात नाहीत, त्यांनी अर्जाच्या भानगडीत पडू नये.

इथे परीक्षण आहे ते या सगळ्या सेवेचं: नोंदणी, ओळखपत्र, केंद्र, टपाल मतदान आणि प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणं. नमुना म्हणून लंडनच्या पश्चिमेचं स्लॉ घेतलंय, कारण हीथ्रोला खेटून असलेल्या या गावात भारतीय वस्ती मोठी. आधी गुण सांगून टाकतो. नोंदणीला पाचपैकी पाच, केंद्राला चार, टपालाला तीन, ओळखपत्राला अडीच. शेवटच्या दोन्हींत गुण गेले ते आपल्या नावांमुळे आणि सह्यांमुळे.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते, पाच-सात मिनिटं लागतात. हाताशी हवं ते एवढंच: नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, पत्ता, गेल्या बारा महिन्यांत घर बदललं असेल तर जुना पत्ता, आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठीचा तिथला सरकारी क्रमांक). हा नंबर अजून आला नसेल तरी अर्ज अडत नाही. कारण लिहायचं, मग नगरपालिका कागद मागवते. तहसील कार्यालयात खेपा नाहीत, झेरॉक्स नाहीत, बीएलओच्या घरी फेऱ्या नाहीत. मधेच एक प्रश्न येतो, ‘ओपन रजिस्टर’मध्ये नाव ठेवायचं का. ती यादी कोणीही विकत घेऊ शकतो. नको म्हटलं तरी मताच्या हक्काला धक्का लागत नाही, तेव्हा नको म्हणावं. मूळ मतदार यादीत नाव असल्याचा एक जादा फायदा असा की कर्ज देणाऱ्या संस्था पत्ता पडताळायला हीच यादी पाहतात. नव्याने गेलेल्याला मोबाइलच्या कॉन्ट्रॅक्टपासून घरकर्जापर्यंत त्याचा उपयोग होतो.

गोम एवढीच की सगळ्या देशाची एक यादी तिथे नाही. प्रत्येक नगरपालिका आपली यादी आपण ठेवते. स्लॉमधून रेडिंगला घर हलवलं की नाव आपोआप हलत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. वर्षभराच्या कराराने घरं बदलणाऱ्यांची नावं इथेच गळतात.

मुदती कामाच्या दिवसांत मोजतात, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे सोडून. नोंदणी मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी, पोस्टल व्होटचा अर्ज ११ दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत, प्रॉक्सीचा आणि मोफत ओळखपत्राचा (व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेटचा) अर्ज ६ दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. स्थानिक निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असतात आणि पहिल्या सोमवारी सुट्टी, ती मतदानाच्या आधी आली की बोटांवर मोजणारा एका दिवसाने हमखास चुकतो. ४ मे २०२३ च्या मतदानाला या तारखा अनुक्रमे १७ एप्रिल, १८ एप्रिल आणि २५ एप्रिल अशा आल्या होत्या.

त्याच ४ मे २०२३ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. तोवर नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात पडायची. पहिल्याच फेरीत सुमारे १४,००० लोक ओळखपत्राअभावी मत न देता परत गेले, हा तिथल्या निवडणूक आयोगाचा आकडा. आपल्याकडे चालणारे आधार, पॅन, निवडणूक आयोगाचं कार्ड आणि भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स यांतलं तिथे एकही चालत नाही. भारतीय पासपोर्ट चालतो, राष्ट्रकुल देशाचा असल्यामुळे. मुदत संपलेला असला तरी चेहरा ओळखू येत असेल तर चालतो. ब्रिटिश लायसन्स चालतं, ज्येष्ठांचा सरकारी बस पासही चालतो. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही, फोनवर दाखवलेला ई-व्हिसाही नाही. ज्येष्ठांचा बस पास चालावा आणि विद्यार्थ्याचं कार्ड चालू नये, हा न्याय कुणाला पटेल असं वाटत नाही.

आता नावाचं दुखणं. ओळखपत्रावरचं नाव आणि यादीतलं नाव एकच हवं. किरकोळ फरक खपवून घेतात, आडनाव वेगळं असलं तर नाही. आपल्याकडच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. स्नेहल वसंत पाटील या नावाची मुलगी लग्नानंतर घराच्या करारावर आणि मतदार अर्जावर स्नेहल जाधव लिहिते, पासपोर्ट मात्र माहेरच्या आडनावाचा. केंद्रावर टेबलामागचा क्लार्क पासपोर्ट पाहणार, यादी पाहणार आणि थांबवणार. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला सोबत असेल तर काम होतं, पण तो इंग्रजीतही वाचता येणारा हवा; निव्वळ मराठी दाखला स्लॉच्या क्लार्कपुढे ठेवून उपयोग काय? त्याहून सोपं म्हणजे मुळात अर्ज भरतानाच पासपोर्ट समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच उतरवणं. नाव आधीच वेगळं पडलं असेल तर नगरपालिकेकडे नावदुरुस्तीचा फॉर्म मिळतो, तो मुदतीआधी भरावा. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर पुढे-मागे झालं तर सहसा अडवत नाहीत.

दुसरी अडचण पासपोर्ट नूतनीकरणाची. तो एप्रिलमध्ये नेमका भारतीय उच्चायुक्तालयाच्या केंद्रात अडकलेला असला तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट काढावं. फोटो, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर एवढ्यावर ते मोफत मिळतं. सर्टिफिकेट म्हणजे फोटो छापलेला एक कागद, घरी टपालाने येतो.

केंद्राची सेवा चांगली आहे. सकाळी सात ते रात्री दहा, म्हणजे तब्बल पंधरा तास. रुग्णालयात दिवसपाळी असलेल्यालाही सुटल्यावर जाता येतं. सांगलीत साडेसात ते साडेपाचच्या वेळेत पाळीवाल्यांची किती ओढाताण होते ते मिरजेच्या कोणत्याही सिस्टरला विचारा. दहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांना मत देऊ देतात. घरी आलेलं पोल कार्ड नेलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. त्यावर केंद्राचा पत्ता असतो एवढंच. बोटाला शाई लावत नाहीत. क्लार्क यादीत नावापुढे खूण करतो, मतपत्रिकेचा क्रमांक आणि तुमचा यादी क्रमांक एका वेगळ्या तक्त्यावर लिहून ठेवतो. मग मत गुप्त कसं, अशी शंका कुणाच्याही मनात येईल. तो तक्ता सीलबंद राहतो, न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. दाराबाहेर पक्षाचे लोक यादी क्रमांक विचारतात, ते सांगणं ऐच्छिक.

मतपत्रिका कागदी, पेन्सिल दोरीला बांधलेली, खूण फुलीची. स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. सांगलीच्या मतदाराला खरं बिचकायला होतं ते मतपत्रिकेच्या रचनेपाशी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २० प्रभाग, ७८ जागा. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा. पांढरी, फिकी गुलाबी, फिकी पिवळी, फिकी निळी पत्रिका, प्रत्येक जागा आरक्षित की सर्वसाधारण ते ठरलेलं, आणि चारही बटणं दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नाही. १५ जानेवारी २०२६ ला असंच मतदान झालं. स्लॉमध्ये २१ वॉर्ड, ४२ जागा, वॉर्डाला दोन. पण या दोन जागा वेगळ्या नाहीत! एकच पत्रिका, एकच यादी, सगळे उमेदवार आडनावाच्या अकारविल्हे, आरक्षण कुठेही नाही. सर्वांत जास्त मतं मिळालेले पहिले दोघे निवडून येतात. एकाच पक्षाचे दोघे यादीत एक वर, एक तळाला असू शकतात, त्यामुळे पॅनेल टू पॅनेल मत द्यायचं तर संपूर्ण यादी वाचावी लागते. वरचा एक मिळाला म्हणून तिथेच थांबणाऱ्यांमुळे तळाच्या उमेदवाराची मतं घटतात. फुल्या दोनपर्यंत. एकच मारली तरी मत वैध, तीन मारल्या तर सगळी पत्रिका बाद. सही केली किंवा ओळख पटेल असं काही लिहिलं तरी बाद. नोटा नाही. चूक झाली तर पेटीत टाकण्याआधी पत्रिका परत देऊन नवी मागता येते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

स्लॉने २०२३ पासून सगळ्या जागांची एकत्र निवडणूक दर चार वर्षांनी घ्यायची पद्धत घेतली. त्या वेळी हुजूर पक्षाला २१, मजूर पक्षाला १८ आणि लिबरल डेमोक्रॅट्सना ३ जागा मिळाल्या, म्हणजे कुणालाच स्पष्ट बहुमत नाही. इंग्लंडमधल्या काही नगरपालिका अजूनही चारपैकी तीन वर्षं दर वेळी एक-तृतीयांश जागा भरतात. तिथे वॉर्डात तीन नगरसेवक असले तरी त्या वर्षी मत एकच.

उभं राहायचं असेल तर? अनामत रक्कम नाही, वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात. पण मतदाराला कोणताही वैध व्हिसा चालतो, तर भारतीय नागरिक उमेदवार असेल तर त्याच्याकडे कायमस्वरूपी राहण्याचा परवाना लागतो. खर्चाची मर्यादा ९६० पौंड अधिक दर मतदारामागे ८ पेन्स. पाच हजार मतदारांचा वॉर्ड धरला तर १,३६० पौंड, दीड लाख रुपयांच्या आसपास. आपल्याकडे एका प्रभागाचे डिजिटल फलक आणि जेवणावळी यातही एवढे पुरत नाहीत.

पोस्टल व्होट मागितलं की घरी पाकीट येतं. आत मतपत्रिका, ‘ए’ लिफाफा, जन्मतारीख आणि सहीचं निवेदन, आणि ‘बी’ लिफाफा. पत्रिका ‘ए’मध्ये बंद करायची, मग ‘ए’ आणि निवेदन दोन्ही ‘बी’मध्ये. निवेदनावरची सही आणि जन्मतारीख अर्जातल्याशी ताडून पाहतात. अर्जावर मराठीत सही आणि निवेदनावर इंग्रजीत, असं केलं की मत बाद. जन्मतारखेच्या चौकटीत आजची तारीख लिहिणं ही दुसरी नेहमीची चूक. नवरा-बायकोची निवेदनं एकमेकांच्या पाकिटात जाणं ही तिसरी. बरं, मत बाद झाल्याचं त्या निवडणुकीत सावरता येईल अशा वेळी कळतच नाही. पाकीट मतदानाच्या रात्री दहापर्यंत पोचायला हवं. उशीर झाला तर केंद्रावर नेऊन देता येतं, पण तिथे एक फॉर्म भरावा लागतो. फॉर्म न भरता नगरपालिकेच्या टपालपेटीत सोडलेलं पाकीट मोजणीत धरत नाहीत. स्वतःचं सोडून जास्तीत जास्त पाच जणांची पाकिटं देता येतात. पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हाती तर अजिबात देऊ नये. घरच्यांची वगळता इतरांची पाकिटं हाताळायला त्याला कायद्याने मनाई आहे. पोस्टल व्होटची मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षं चालते, नंतर पुन्हा अर्ज.

इकडचं काय, ही चौकशी विश्रामबागेपासून कुपवाडपर्यंत होते. तिथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जातं ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर. सांगलीच्या यादीत अनिवासी मतदार म्हणून नाव ठेवायचं तर नमुना ६अ भरावा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नोंद होते. मत द्यायला मात्र स्वतः मूळ पासपोर्ट घेऊन हजर राहावं लागतं, टपालाची सोय नाही.

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, आणि मतदान नेमकं त्याच दिवसांत. सांगलीच्या पत्त्यावर पोस्टल व्होट मागवू नये. मतपत्रिका इथे यायला आणि परत जायला वेळ पुरत नाही. त्यापेक्षा प्रॉक्सी नेमावा. तो तिथल्या यादीतला मतदार हवा, आणि तुमच्या केंद्रावर जाणार असल्यामुळे शेजारचा असला तर उत्तम. अर्ज ऑनलाइन होतो, ‘सुट्टीवर परदेशी’ हे कारण चालतं. आणीबाणीची प्रॉक्सी मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मिळते, पण ती आजारपण, अचानक आलेलं काम किंवा हरवलेलं ओळखपत्र यांसाठी. विमान चुकलं हे कारण त्यात बसत नाही. प्रॉक्सीने केंद्रावर स्वतःचं ओळखपत्र दाखवायचं. तुमचा पासपोर्ट तिथे कुणी मागत नाही, तो सोबत सांगलीला आणायला हरकत नाही.